विज्ञानतपस्वी जगदीशचंद्र बोस

रेडिओ किंवा दूरदर्शन संच उघडून पाहिला, तर एका पट्टीवर अनेक लहान लहान भाग जोडलेले दिसतात. त्यांपैकी रोधक विद्युतप्रवाहाला मर्यादेत ठेवतो, धारित्र विद्युतभार साठवते आणि डायोड प्रवाहाला एकाच दिशेने वाट देतो. रायपूरमधील भनपुरीसारख्या औद्योगिक वसाहतीत यंत्रांशी नित्य संबंध येणाऱ्यांना हे भाग अपरिचित नाहीत. मात्र स्फटिकापासून बनणाऱ्या डायोडचा एक पूर्वज भारतीय शास्त्रज्ञाने घडवला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते शास्त्रज्ञ म्हणजे जगदीशचंद्र बोस.

त्यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी झाला. वडील सरकारी अधिकारी होते. तरीही त्यांनी मुलाला प्रथम मातृभाषेच्या शाळेत घातले. शेतकरी व कोळी यांच्या मुलांबरोबर शिकताना जगदीशचंद्रांच्या मनात निसर्गाविषयी कुतूहल जागे झाले. पुढे कोलकाता व केंब्रिज येथे शिक्षण घेऊन १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात प्राध्यापक झाले.

तेथे भारतीयांना युरोपीय प्राध्यापकांहून कमी वेतन मिळत असे. बोस यांनी या अन्यायाविरुद्ध आवाज चढवला नाही, की कामही थांबवले नाही. सुमारे तीन वर्षे ते निष्ठेने शिकवत राहिले, पण वेतनाला त्यांनी हात लावला नाही. घरची परिस्थिती ओढगस्तीची असतानाही ते डगमगले नाहीत. अखेर सरकारला त्यांना मागील थकबाकीसह पूर्ण वेतन द्यावे लागले.

महाविद्यालयात संशोधनासाठी चांगली प्रयोगशाळा नव्हती. लहानशा खोलीत, स्थानिक कारागिराच्या मदतीने, त्यांनी स्वतःच उपकरणे तयार केली. १८९५ मध्ये त्यांनी कोलकात्यात एक प्रयोग दाखवला. तारेवाचून पाठवलेल्या विद्युतलहरींनी भिंतीपलीकडे घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. पाहणारे थक्क झाले.

अशा अदृश्य लहरी ओळखायच्या कशा? शिसे व गंधक यांच्या संयुगाचा, म्हणजे गॅलेनाचा, स्फटिक बोस यांनी त्यासाठी उपयोगात आणला. या शोधक उपकरणाला १९०४ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. पुढे अशाच स्फटिकावर धातूच्या तारेचे टोक टेकवून लोक घरोघरी रेडिओ ऐकू लागले. तारेचे वेटोळे, धारित्र, स्फटिक आणि कानाला लावायचे श्रवणयंत्र एवढ्यावर, विद्युतघटावाचून, तो रेडिओ चालत असे.

ज्ञान विकून धन मिळवणे बोस यांना मान्य नव्हते. हितचिंतकांच्या आग्रहामुळे घेतलेल्या त्या पेटंटचा त्यांनी स्वतःसाठी लाभ घेतला नाही. नंतर ते वनस्पतींच्या संवेदनांच्या अभ्यासाकडे वळले. १९१७ मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस संशोधन संस्था स्थापन केली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

साधनांची उणीव त्यांनी हातांच्या कौशल्याने भरून काढली आणि अन्यायाला स्वाभिमानाने उत्तर दिले. एखादा लहानसा डायोड हाती येईल, तेव्हा त्यामागील ही तपश्चर्या आपण अवश्य आठवावी.