दारावरचा संत : ब्रदर आंद्रे

कॅनडा देशातील मॉन्ट्रियल शहरात माउंट रॉयल नावाची टेकडी आहे. तिच्या उतारावर संत योसेफाचे भव्य महामंदिर उभे आहे. दरवर्षी लाखो भाविक तेथे येतात. हे मंदिर ज्यांच्या श्रद्धेतून उभे राहिले ते कोणी बिशप किंवा विद्वान धर्मपंडित नव्हते, तर शाळेच्या दारावर बसणारे एक आजारी, अल्पशिक्षित ब्रदर होते.

आल्फ्रेड बेसेत यांचा जन्म 9 ऑगस्ट 1845 रोजी क्वेबेक प्रांतात एका गरीब, मोठ्या कुटुंबात झाला. बाळ इतके अशक्त होते की ते जगेल की नाही या भीतीने घरीच घाईघाईने त्याचा बाप्तिस्मा उरकण्यात आला. वडील सुतारकाम व लाकूडतोड करीत. 1855 साली झाड अंगावर पडून त्यांचा मृत्यू झाला. दोन वर्षांनी आईही क्षयाने गेली. बाराव्या वर्षी आल्फ्रेड पोरका झाला आणि मावशीच्या घरी राहू लागला.

पोटाचा विकार त्याला लहानपणापासूनच होता. शाळा जेमतेम झाली. चांभारकाम, बेकरी, लोहारकाम, शेतमजुरी असे एकामागून एक उद्योग त्याने करून पाहिले. पण शरीर साथ देईना. 1863 च्या सुमारास तो अमेरिकेत कापडगिरणीत काम करायला गेला आणि 1867 मध्ये परत आला. पंचविशीतला तरुण, ना शिक्षण, ना प्रकृती, ना धंदा. अशा माणसाचा कोणाला काय उपयोग, असेच लोकांना वाटले असेल.

मात्र गावचे धर्मगुरू फादर आंद्रे प्रोव्हांसाल यांनी या तरुणाची प्रार्थना पाहिली होती. त्यांनी त्याला पवित्र क्रूस संघाकडे पाठवले. 1870 च्या अखेरीस तो नवशिक्षार्थी झाला आणि आपल्या धर्मगुरूंच्या नावावरून त्याने आंद्रे हे नाव घेतले. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव संघाने त्याला व्रते देण्याचे लांबणीवर टाकले. मॉन्ट्रियलचे बिशप बुर्जे संस्थेला भेट देण्यास आले तेव्हा आंद्रेने त्यांच्यापाशी आपले गाऱ्हाणे मांडले. अखेर 1872 मध्ये त्याला पहिली व्रते मिळाली आणि 2 फेब्रुवारी 1874 रोजी कायमची.

त्यांना काम मिळाले ते नोत्र-दाम कॉलेजच्या दारावरचे. जवळजवळ चाळीस वर्षे त्यांनी ते केले. घंटा वाजली की दार उघडायचे, आलेल्याला बसवायचे, निरोप पोहोचवायचा. शिवाय फरशी पुसणे, दिवे घासणे, सरपण वाहणे, टपाल आणणे, मुलांचे कपडे धुण्यासाठी नेणे आणि मुलांचे केस कापणे. यातले एकही काम मोठे नव्हते. पण प्रत्येक कामाच्या शेवटी कोणीतरी माणूस होता. थंडीने कुडकुडणारा पाहुणा, घरच्या आठवणीने रडवेला झालेला मुलगा, दुःख सांगायला आलेली आई.

हळूहळू आजारी माणसे त्यांच्याकडे येऊ लागली. ब्रदर त्यांच्यासाठी संत योसेफाकडे प्रार्थना करीत. अनेकांना गुण आला. त्याचे श्रेय कोणी ब्रदरांना दिले तर ते चिडत. सारे संत योसेफाचे, असे ठणकावीत. गर्दी वाढली तेव्हा पालकांनी व डॉक्टरांनी तक्रारी केल्या. मग ते रस्त्यापलीकडच्या ट्रामच्या निवाऱ्यात लोकांना भेटू लागले. केस कापून मिळालेली पाच-पाच सेंटची नाणी त्यांनी साठवली. त्या पैशांच्या आणि लोकांच्या लहानसहान देणग्यांच्या आधारे 1904 मध्ये टेकडीवर एक लहानसे चॅपेल उभे राहिले. 1909 पासून ते पूर्णवेळ तेथेच राहू लागले. दिवसा लोकांना भेटायचे आणि संध्याकाळी आजाऱ्यांच्या घरी जायचे, हा त्यांचा क्रम म्हातारपणीही चालू राहिला.

त्यांचे पोट मात्र कधीच बरे झाले नाही. साध्या, पातळ अन्नावरच ते आयुष्यभर राहिले. कामाने आजार पळाला, असे म्हणता येणार नाही. पण जन्मतः जगेल की नाही अशी शंका असलेला हा माणूस 91 वर्षे जगला आणि शेवटपर्यंत कोणाच्या तरी उपयोगी पडत राहिला. 6 जानेवारी 1937 रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्यदर्शनासाठी सुमारे दहा लाख लोक थंडीत रांगेत उभे राहिले. 17 ऑक्टोबर 2010 रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संत घोषित केले.

माणसाला जगण्यासाठी औषधाइतकीच अर्थपूर्ण कामाचीही गरज असते, हे वैद्यकशास्त्रानेही मानले आहे. या विचारातून ‘ऑक्युपेशनल थेरपी’ ही उपचारपद्धती पुढे आली. 1917 साली अमेरिकेत तिची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आपल्याकडे कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईच्या के.ई.एम. हॉस्पिटलमध्ये तिचे शिक्षण सुरू केले. आजारी माणसाने स्वतःच्या हाताने जेवावे, शर्टाचे बटण लावावे, आवडीचे काम पुन्हा हाती घ्यावे, यासाठी हे उपचारक झटतात.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतही वडीलधारी माणसे आहेत. प्रेमापोटी आपण त्यांना म्हणतो, आजी, तुम्ही नुसत्या बसा; बाबा, तुम्ही कशालाही हात लावू नका. हेतू चांगलाच असतो. पण हातातले काम गेले की, आपली आता कोणाला गरज नाही, असे त्यांना वाटू लागते. आजींना भाजी निवडू द्या. आजोबांना कुंडीला पाणी घालू द्या, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडू द्या. थोडा वेळ जास्त लागेल, थोडे पाणी सांडेल, सांडू द्या. अंथरुणाला खिळलेल्यांना धर्मग्रामातील एखाद्या आजाऱ्याचे नाव सांगा आणि त्याच्यासाठी रोझरी म्हणण्याची जबाबदारी सोपवा. तेही कामच आहे.

आणि आपण स्वतः? उद्या सकाळी दारावरची बेल वाजेल. दूधवाला असेल, शेजारी असेल, कदाचित नको असलेला पाहुणाही असेल. दार उघडताना ब्रदर आंद्रेंची आठवण ठेवू या.

संत आंद्रे, आमच्यासाठी विनंती कर.