अलेस्सांद्रो व्होल्टा

अलेस्सांद्रो व्होल्टा (१८ फेब्रुवारी, १७४५ - ५ मार्च, १८२७) हे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व रसायनशास्त्रज्ञ होते. सतत विद्युतप्रवाह देणारा पहिला विद्युतघट त्यांनी तयार केला. विभवांतराच्या 'व्होल्ट' या एककास त्यांचे नाव देण्यात आले आहे.

जीवन

व्होल्टा यांचा जन्म उत्तर इटलीतील कोमो येथे झाला. १७७४ मध्ये ते तेथील शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले. पुढे पाव्हिया विद्यापीठात ते सुमारे चाळीस वर्षे प्राध्यापक होते. १७९४ मध्ये तेरेसा पेरेग्रिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना तीन पुत्र झाले.

स्थितिक विद्युत

१७७५ मध्ये व्होल्टा यांनी इलेक्ट्रोफोरस हे उपकरण सुधारून प्रचारात आणले. त्याचे तत्त्व स्वीडनच्या योहान विल्के यांनी आधीच मांडले होते. घासून प्रभारित केलेल्या राळेच्या थाळीवर विसंवाहक मुठीची धातूची चकती ठेवून तिला क्षणभर बोट लावले की प्रवर्तनामुळे चकतीवर विरुद्ध प्रभार राहतो. राळेवरील प्रभार खर्ची पडत नसल्याने ही क्रिया पुन्हापुन्हा करता येते. वस्तूवरील प्रभार तिच्या विभवाच्या प्रमाणात असतो, हेही त्यांनी दाखविले.

गॅल्व्हानींशी मतभेद

१७९१ मध्ये बोलोन्याचे लुईजी गॅल्व्हानी यांनी मृत बेडकाच्या पायाला दोन धातूंचा स्पर्श होताच स्नायू आकुंचन पावतात, असे प्रसिद्ध केले व त्याचे कारण प्राणिज विद्युत हे मानले. व्होल्टा यांनी प्रथम हे मत स्वीकारले. परंतु प्रयोगांती विजेचा उगम भिन्न धातूंच्या संपर्कात असून बेडकाचा पाय केवळ संवेदनशील दर्शक आहे, असे प्रतिपादन केले. सिसाल्पाइन प्रजासत्ताकाच्या निष्ठेची शपथ नाकारल्याने गॅल्व्हानी यांना विद्यापीठातील पद गमवावे लागले. १७९८ मध्ये त्यांचे निधन झाले.

विद्युतघट

आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी व्होल्टा यांनी प्राण्याचा अवयव पूर्णपणे वगळला. चांदी व जस्त यांच्या चकत्यांच्या जोड्या आणि त्यांमध्ये खाऱ्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे अशी चळत रचून तिची टोके तारेने जोडताच बंद मंडलातून अखंड प्रवाह वाहू लागला. जोड्या वाढविल्या की विभवांतरही वाढे. हा शोध त्यांनी २० मार्च, १८०० रोजीच्या पत्राने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळविला. त्याच वर्षी निकोल्सन व कार्लाइल यांनी अशा घटाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन केले.

घटातील ऊर्जा केवळ धातूंच्या संपर्कातून नव्हे, तर रासायनिक क्रियेतून मिळते, हे नंतर स्पष्ट झाले. सजीवांच्या चेता व स्नायूंत वीज असते, हे गॅल्व्हानी यांचे मूळ मतही पुढे खरे ठरले.

सन्मान

व्होल्टा यांना १७९४ मध्ये रॉयल सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले. १८०१ मध्ये त्यांनी पॅरिस येथे नेपोलियनसमोर घटाचे प्रात्यक्षिक केले. नेपोलियनने १८१० मध्ये त्यांना काउंट हा किताब दिला. १८८१ मध्ये पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेने 'व्होल्ट' हे एकक स्वीकारले.