ध्रुवावरची कट्ट-कडकट्ट

१२ जानेवारी १९३०. उत्तर ध्रुवापासून सुमारे हजार किलोमीटरवर असलेल्या फ्रान्झ जोसेफ लँड द्वीपसमूहातील हुकर बेटावर सात रशियन माणसे हिवाळा काढीत होती. शरद ऋतूत मावळलेला सूर्य फेब्रुवारीपर्यंत दिसणार नव्हता आणि पुढल्या उन्हाळ्यापर्यंत एकही जहाज तेथे पोहोचणार नव्हते. त्या दिवशी केंद्रावरील बिनतारी यंत्रचालकाने नेमून दिलेले काम आटोपल्यावर, कोणीही ऐकत असेल त्याने उत्तर द्यावे, अशा अर्थाची हाक मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये दिली. उत्तर आले ते पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाहून. अंटार्क्टिकावर तळ ठोकून असलेल्या अमेरिकी नौदल अधिकारी रिचर्ड बर्ड यांच्या मोहिमेचे ते केंद्र होते. एकीकडे ध्रुवीय रात्र, दुसरीकडे ध्रुवीय दिवस आणि मध्ये सुमारे वीस हजार किलोमीटरचे अंतर. याहून दूरचा माणूस पृथ्वीच्या पाठीवर जवळजवळ सापडणेच शक्य नव्हते. दोघांनी एकमेकांच्या हवामानाची, मुक्कामाची, सोबत्यांची विचारपूस केली. तो विक्रम अनेक वर्षे सांगितला गेला. त्या यंत्रचालकाचे नाव होते अर्न्स्ट क्रेंकेल.

क्रेंकेल यांचा जन्म १९०३ सालचा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातील बियावलिस्तोक गावचा. घराणे जर्मन वंशाचे, वडील शिक्षक. पुढे कुटुंब मॉस्कोला आले. महायुद्ध आणि क्रांतीच्या धामधुमीत शिक्षण अर्धवट राहिले. किरकोळ कामे करीत असतानाच १९२१ साली या तरुणाने बिनतारी तारायंत्राच्या अभ्यासवर्गात नाव घातले. १९२४ मध्ये त्यांना नोव्हाया झेम्ल्या बेटावरील मातोच्किन शार या वेधशाळेत वर्षभराची नेमणूक मिळाली आणि ध्रुवप्रदेशाशी त्यांचे आयुष्यभराचे नाते जडले.

त्या काळी दूरच्या संदेशवहनासाठी दीर्घलहरींचा वापर होई. त्यासाठी उंच मनोरे आणि मोठी वीजनिर्मिती लागे. लघुलहरी निरुपयोगी समजून हौशी मंडळींसाठी सोडून दिल्या गेल्या होत्या. मात्र १९२३ मध्ये याच हौशींनी घरी जुळवलेल्या यंत्रांवरून अटलांटिक महासागराच्या दोन तीरांवर परस्परसंवाद साधला, तर १९२४ मध्ये इंग्लंड आणि न्यूझीलंडमधील हौशी एकमेकांशी बोलले. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परावर्तित होत या लहरी अल्प शक्तीवरही हजारो किलोमीटर जातात, हे त्यातून सिद्ध झाले. क्रेंकेल यांनी ही किमया ओळखली. १९२७ साली मातोच्किन शारला दुसऱ्यांदा जाताना त्यांनी लघुलहरींचे यंत्र सोबत नेले. सोव्हिएत आर्क्टिकमधील लघुलहरींच्या वापराचा तो आरंभ मानला जातो.

हौशींच्या या छंदाचे मोल जगाला पुढल्याच वर्षी कळले. मे १९२८ मध्ये उंबेर्तो नोबिले यांचे ‘इटालिया’ हे हवाई जहाज ध्रुवाजवळ बर्फावर कोसळले. वाचलेल्या माणसांनी लहानशा यंत्रावरून मदतीचा धावा सुरू केला. त्यांना साहाय्य करण्यासाठी आलेल्या जहाजापर्यंत तो पोहोचत नव्हता. तो प्रथम ऐकला निकोलाय श्मिट या तरुण हौशीने, रशियातील एका आडवळणाच्या खेड्यात, स्वतः बनविलेल्या यंत्रावर. नोबिले आणि त्यांचे सोबती वाचले, त्यामागे हा घरबसल्या कान देऊन बसलेला माणूस होता. त्याच श्मिट यांना १९४२ साली हेरगिरीच्या आरोपावरून गोळ्या घालण्यात आल्या. परक्यांशी बोलणे हा ज्याचा छंद, त्याच्याकडे संशयाने पाहणारा तो काळ होता. क्रेंकेल यांचे सारे आयुष्य याच काळाच्या सावलीत गेले.

त्यांची खरी कसोटी लागली १९३४ साली. ‘चेल्युस्किन’ हे जहाज रशियाच्या उत्तर किनाऱ्याने पश्चिमेकडून पूर्वेकडे निघाले होते. ते बेरिंगच्या सामुद्रधुनीपर्यंत पोहोचले, पण बर्फाने त्याला पुन्हा मागे ओढून नेले. १३ फेब्रुवारी रोजी चुकची समुद्रात बर्फाच्या दाबाने जहाजाची कूस फाटली आणि ते बुडाले. एकाचा मृत्यू झाला. १०४ जण बर्फावर उतरले. त्यांत दहा स्त्रिया आणि दोन लहान मुली होत्या. त्यांपैकी एक तर याच प्रवासात जन्मलेली, सहा महिन्यांची.

जहाज सोडताना वाचविलेल्या सामानात बिनतारी यंत्र होते. वाऱ्यात खांब उभारून तारा ताणल्या गेल्या आणि क्रेंकेल गोठलेल्या बोटांनी यंत्राशी झुंजू लागले. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावरील उएलेन केंद्राशी संपर्क झाला. त्यानंतर दोन महिने या एका तंबूवर सर्वांचे प्राण अवलंबून होते. विजेऱ्यांतील वीज संपली तर छावणी कोठे वाहत गेली हे कोणालाही कळणार नव्हते. त्यामुळे ठरलेल्या वेळीच बोलायचे, मोजके बोलायचे, विमानांना हवामान आणि बर्फावरील धावपट्टीची स्थिती कळवायची, असा नेम क्रेंकेल यांनी कसोशीने पाळला. ५ मार्च रोजी पहिले विमान उतरले आणि स्त्रिया व मुलींना घेऊन गेले. १३ एप्रिलला अखेरची माणसे निघाली, त्यांत क्रेंकेल होते. यंत्र बंद करण्यापूर्वी त्यांनी जहाजाची कॉल साइन ‘आरएईएम’ तीनदा पाठविली. जहाज समुद्राच्या तळाशी गेले होते, कॉल साइन मात्र पुढे क्रेंकेल यांना व्यक्तिशः बहाल करण्यात आली. जगभरचे हौशी त्यांना याच चार अक्षरांनी ओळखू लागले.

२१ मे १९३७ रोजी विमानांनी इव्हान पापानिन, क्रेंकेल आणि येवगेनी फ्योदोरोव्ह, प्योत्र शिर्शोव्ह या दोन शास्त्रज्ञांना उत्तर ध्रुवाजवळील तरंगत्या हिमखंडावर उतरवायला सुरुवात केली. वेसेली नावाचा कुत्राही सोबतीला होता. ‘उत्तर ध्रुव-१’ हे जगातील पहिले तरंगते संशोधन केंद्र. तंबू हेच घर आणि हिमखंड हेच अंगण. वीज मिळे पवनचक्कीवर, वारा पडला की सोबत्यांनी हाताने डायनामो फिरवायचा. अशा घामाच्या विजेवर क्रेंकेल दिवसातून अनेकदा हवामानाचे अहवाल पाठवीत. वीज शिल्लक असेल तेव्हा ते हौशींना हाक देत, आणि दूरदेशींचे अनोळखी लोक उत्तरे देत. चार माणसांच्या जगात रोजच्या रोज बाहेरची एखादी टकटक ऐकू येणे, ही त्यांच्या लेखी चैन नव्हती. माणूस म्हणून टिकून राहण्याची ती गरज होती.

याच हिमखंडावर त्यांना शांततेचीही ओळख झाली. ऑगस्ट १९३७ मध्ये सिगिझमुंड लेव्हानेव्हस्की यांचे विमान ध्रुवावरून अमेरिकेकडे जाताना नाहीसे झाले. चेल्युस्किनच्या बचावाबद्दल गौरविल्या गेलेल्या सात वैमानिकांपैकी ते एक. क्रेंकेल यांनी कान यंत्राला लावून दिवसेंदिवस वाट पाहिली. काहीच ऐकू आले नाही.

हिमखंड दोन हजारांहून अधिक किलोमीटर वाहत ग्रीनलंडच्या पूर्वेस आला. फेब्रुवारी १९३८ च्या प्रारंभी वादळात त्याचे तुकडे झाले. ती बातमीही क्रेंकेल यांच्याच यंत्रावरून जगाला कळली. १९ फेब्रुवारीला, २७४ दिवसांनंतर, ‘तैमीर’ आणि ‘मुर्मान’ या जहाजांनी चौघांना उचलले. मायदेशी त्यांचे अपूर्व स्वागत झाले. क्रेंकेल यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा किताब मिळाला. पण ते बर्फावर असताना देशात अटकसत्राचा कहर झाला होता. ध्रुवीय खात्यातील अनेक जण त्यात सापडले होते.

महायुद्धात हौशी रेडिओ बंद झाला, नागरिकांकडील रेडिओसंच जमा करून घेण्यात आले. १९४८ मध्ये क्रेंकेल यांना ध्रुवीय मार्ग प्रशासनातून दूर करण्यात आले. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत सोव्हिएत हौशींना परदेशी हौशींशी बोलण्याची मुभा नव्हती. वीस हजार किलोमीटर ओलांडलेल्या माणसाला सरहद्द ओलांडता येईनाशी झाली. क्रेंकेल यांनी मात्र या विद्येची कास सोडली नाही. हवामानशास्त्रीय उपकरणांच्या संशोधन संस्थेत त्यांनी काम केले आणि अखेरीस तिचे संचालकपदही भूषविले. पन्नाशीच्या दशकात निर्बंध सैल झाले. पुढे ते देशातील रेडिओ हौशींच्या महासंघाचे अध्यक्ष झाले. १९६८ मध्ये, चौसष्टाव्या वर्षी, ते ‘प्रोफेसर झुबोव्ह’ या जहाजावरून अंटार्क्टिकाला गेले. ज्या खंडाशी ऐन तारुण्यात केवळ मोर्समधून बोलणे झाले होते, त्याचे दर्शन उतारवयात घडले.

८ डिसेंबर १९७१ रोजी मॉस्को येथे त्यांचे निधन झाले. ‘आरएईएम’ या कॉल साइनचेच नाव धारण करणारे त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर प्रसिद्ध झाले. फ्रान्झ जोसेफ लँडमधील वेधशाळेला त्यांचे नाव देण्यात आले.

२०२० च्या टाळेबंदीत अनेक देशांतील हौशी पुन्हा नेमाने यंत्रांपाशी बसू लागले. एकटे राहणाऱ्या वृद्ध सभासदांची रोज हजेरी घ्यायची, उत्तर आले नाही तर चौकशी करायची, असे उपक्रम त्यांनी चालविले. ठरलेल्या वेळी हाक द्यायची आणि उत्तराची वाट पाहायची, हा क्रेंकेल यांचा बर्फावरचा नेम बंद दारांआडच्या शहरांतही तितकाच उपयोगी पडला.