प्रोफेसर क्रिस्तियान बिर्केलँड

नॉर्वे देशाच्या उत्तर टोकास हिवाळ्याच्या रात्रीं आकाशांत हिरव्या-तांबड्या प्रकाशाचे पडदे झुलतांना दिसतात. हा ध्रुवीय प्रकाश कशानें उत्पन्न होतो, या प्रश्नापायीं ज्या पुरुषानें आपलें आयुष्य वेंचलें, त्याचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

बिर्केलँड यांचा जन्म १३ डिसेंबर १८६७ रोजीं ख्रिस्तियानिया, म्हणजे हल्लींच्या ऑस्लो शहरीं झाला. पुढें तेथील विद्यापीठांत ते पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. सूर्यापासून विद्युद्भारित कण निघतात व पृथ्वीचें चुंबकत्व त्यांस ध्रुवांकडे वळवितें, असें त्यांचें अनुमान होतें. तें पडताळण्यासाठीं १८९९ सालीं आल्टा गांवाजवळील हाल्डे पर्वतावर त्यांनीं वेधशाळा उभारली. त्या मोहिमेंत त्यांचा एक तरुण सहकारी हिमलोटाखालीं सांपडून मरण पावला. तरीही १९०२ सालीं ते पुन्हां निघाले. प्रयोगशाळेंत निर्वात पेटींत चुंबकीय गोल टांगून त्यांनीं त्यावर कॅथोड किरण सोडले, तों गोलाच्या दोन्ही ध्रुवांभोंवतीं प्रकाशाचीं कडीं उमटलीं!

हवेंतील नत्रवायूपासून खत करण्याची त्यांची कृति उद्योगांत मान्य झाली. पण सूर्यकणांचें मत मोठमोठ्या पंडितांस पटलें नाहीं. निद्रानाशानें त्यांची प्रकृति ढासळली व १५ जून १९१७ रोजीं, मायदेशापासून दूर टोकियो येथें, वयाच्या ४९ व्या वर्षीं त्यांचें निधन झालें.

१९६२ सालीं मॅरिनर २ या यानानें सूर्याकडून अखंड वाहणारा, सेकंदास शेंकडों किलोमीटर वेगाचा कणांचा वारा मोजला. तपशील बदलले, पण मूळ विचार खरा ठरला. इतर तारेही असेच वारे सोडतात. १९९५ सालीं ५१ पेगासी या ताऱ्याभोंवतीं सुमारें चार दिवसांत फेरी घालणारा ग्रह सांपडला. असे ग्रह या वाऱ्याच्या ऐन माऱ्यांत असतात. ग्लीझ ४३६ या ताऱ्याच्या ग्रहामागें तर २०१५ सालीं हायड्रोजन वायूचें विशाल शेपूट आढळलें. ताऱ्याच्या किरणांनीं तापून वायु निसटतो, आणि त्याच्या शेपटास आकार देण्यांत किरणांच्या दाबाबरोबर ताऱ्याच्या वाऱ्याचाही हात असतो. आपल्या पृथ्वीचें चुंबकीय कवच हा वारा बहुतांशीं बाजूस वळवितें. पेटींतल्या त्या लहानशा गोलानें हेंच दाखविलें होतें.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या परीक्षेचा निकाल थोड्या दिवसांत हातीं येतो. बिर्केलँड यांचा निकाल त्यांच्या मृत्यूनंतर ४५ वर्षांनीं लागला. तो ऐकण्यास ते नव्हते. पण उत्तर त्यांनीं मन लावून लिहिलें होतें, हें आम्हांस अधिक मोलाचें वाटतें.