लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि कारखान्याची खाती

कारखाना म्हटला की धूर ओकणारे धुराडे, फिरणारे पट्टे आणि घणांचे आवाज आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु कारखान्याचा खरा सांगाडा डोळ्यांना दिसत नाही. माल कोणी घ्यावा, तो कोणी घडवावा, हिशेब कोणी ठेवावा, तयार वस्तू गिऱ्हाइकापर्यंत कोणी पोचवावी, आणि या सर्वांनी एकमेकांशी कसे वागावे, या वाटणीवर कारखान्याचे जगणे-मरणे अवलंबून असते. या वाटणीला आपण खाती किंवा विभाग म्हणतो. ही खाती मोठ्या पेढ्यांत आयती मांडलेली दिसतात. ती मुळात कशी उगवतात हे पाहावयाचे असेल तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या एका पुरुषाच्या चरित्राकडे वळले पाहिजे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकांपेक्षा चित्रकलेत आणि यंत्रांत त्यांचे मन अधिक रमे. १८८५ मध्ये ते चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जे. जे. कलाशाळेत गेले. तेथे त्यांच्या दृष्टीला काही रंगांतील भेद नीट कळत नाही असे आढळून आले. चित्रकाराच्या आयुष्यात याहून मोठा आघात कोणता? परंतु रंग गेले तरी रेषा हातात उरली होती. लक्ष्मणरावांनी यांत्रिक रेखांकनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले. सुटीच्या वेळी कारखान्यांतून हिंडून ते यंत्रे खोलणे, जोडणे व दुरुस्त करणे शिकले.

याच काळात त्यांच्या पहिल्या व्यवसायाचा आरंभ झाला. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे एक लहानसे दुकान निघाले. मुंबईत राहून लक्ष्मणराव सायकली मिळवीत व बेळगावास धाडीत. बेळगावात त्यांचे वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामुअण्णा त्या विकीत आणि पंधरा रुपये घेऊन लोकांना सायकलीवर बसावयास शिकवीत. दुकान लहान, पण नीट पाहिले तर त्यात दोन खाती आधीच दिसतात. एक भाऊ खरेदीचे खाते, दुसरा भाऊ विक्रीचे खाते. दोघांत लेखी करार नव्हता. विश्वास आणि नियमित पत्रव्यवहार एवढ्यावर काम चाले. पुढे पात्रता असूनही बढतीच्या वेळी आपल्याला डावलले गेले असे पाहून लक्ष्मणरावांनी मुंबईची नोकरी सोडली आणि ते बेळगावास भावाच्या जोडीला आले.

सायकलींवरून त्यांचे लक्ष शेतीच्या अवजारांकडे वळले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर या दोन वस्तू त्यांनी हाती घेतल्या. आमच्यासारख्या कोकणी घरांत वाढलेल्यांना भातखाचरांतला हलका लाकडी नांगर ठाऊक असतो. देशावरील काळ्या रानाची जात निराळी. तेथे हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर जमीन ओरबाडतो, लोखंडी नांगर ती उलटी करतो. वस्तू उत्तम होती, गरज खरी होती, तरीही नांगर खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकले जावयास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांकडे आम्हांला विद्यार्थ्यांचे लक्ष विशेष वेधावयाचे आहे. चांगली वस्तू आपोआप खपते, अशी पुष्कळ कारागिरांची श्रद्धा असते. लक्ष्मणरावांचीही ती असती तर धंदा तेथेच बुडाला असता. घडविणाऱ्याच्या अंगी जे गुण लागतात ते विकणाऱ्याच्या अंगी असतीलच असे नाही, ही गोष्ट त्या पडून राहिलेल्या नांगरांनी शिकविली. भट्टीपाशी उभा असलेला मनुष्य धातूशी बोलतो. शेतकऱ्याच्या बांधावर उभा असलेल्या मनुष्याला माणसाशी बोलावे लागते. ही दोन कामे दोन निरनिराळ्या माणसांना द्यावी लागतात, आणि तरीही त्या दोघांनी एकमेकांचे ऐकावे लागते. विक्रेत्याने शेतकऱ्याची तक्रार कारखान्यात आणली नाही तर नांगर सुधारत नाही. कारखान्याने ती ऐकली नाही तर विक्रेत्याचे तोंड बंद होते.

नांगर कुठे रुजू लागतो तोच दुसरे संकट आले. बेळगावची कारखान्याची जागा नगरपालिकेला नव्या वस्तीसाठी हवी होती. ती सोडणे भाग पडले. अशा वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास आले. त्यांनी दहा हजार रुपयांचे कर्ज आणि कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन दिली. ती जमीन म्हणजे निवडुंगाचे रान आणि नागांचे माहेरघर. १० मार्च १९१० रोजी तेथे किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. आरंभी कामगार होते पंचवीस, आणि त्यांची कुटुंबे. पुढे त्या स्थानकालाही किर्लोस्करवाडी हेच नाव मिळाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यात आहे.

माळावर कारखाना काढणाऱ्याला केवळ यंत्रे मांडून भागत नाही. पाणी, घरे, रस्ते, शाळा, औषध, राखण, सारेच त्याला उभारावे लागते. एकट्या लक्ष्मणरावांनी हे सर्व अंगावर घेतले असते तर त्यांचा दिवस विहिरी आणि छपरे यांतच संपला असता. त्यांनी कामे वाटली. वसाहतीची आखणी आणि कारभार रामुअण्णांकडे आला. मंगेशराव रेगे यांच्याकडे लेखन आणि हिशेब. शंभूराव जांभेकर हे अडलेले कोणतेही काम मार्गी लावीत. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटले होते, पण कल्पकतेच्या बळावर ते अभियंते झाले. यांपैकी मोठी पदवी घेऊन आलेला असा कोणी नव्हता. पदवी पाहून खाते देण्याऐवजी कल पाहून खाते द्यावयाचे, आणि एकदा दिल्यावर त्यात वरचेवर हात घालावयाचा नाही, अशी ही रीत होती. पूर्वी कारावास भोगलेल्या माणसांवरही वाडीच्या राखणीचे काम सोपविण्यात आले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. वाडीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मज्जाव केला होता. जेथे माणसामाणसांत भिंती आहेत तेथे खात्याखात्यांत सहकार्य कसे होणार, हा विचार त्यामागे नसेलच असे आम्हांला वाटत नाही.

आता एका नांगराचा प्रवास पाहा. प्रथम रेखांकन, त्यावरून लाकडी नमुना, नमुन्यावरून वाळूचा साचा, साच्यात ओतशाळेतील वितळलेले बीड, मग घासकाम, छिद्रे पाडणे, जोडणी, तपासणी आणि रंग. प्रत्येक पायरीवर हात निराळे, कसब निराळे. नमुना रेसभर चुकला तर ती चूक ओतशाळेत शंभर वेळा ओतली जाते आणि जोडणीच्या वेळी उघडकीस येते. म्हणून प्रत्येक खात्याने आपले काम पुढच्या खात्याला जणू गिऱ्हाईक समजून द्यावे लागते. कोठारात किती बीड आहे, हे हिशेबनिसाला ठाऊक नसेल तर भट्टी ऐन वेळी थंड राहते.

ही कसोटी पहिल्या महायुद्धात लागली. १९१४ नंतर परदेशी माल येणे कठीण झाले. देशी नांगराला मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा दुर्मीळ झाले. तेव्हा कोल्हापूर दरबाराकडून मिळालेल्या जुन्या तोफांचे लोखंडही नांगरांसाठी उपयोगात आणले गेले. मागणी दाराशी आली असता माल नसणे, हे विक्री न होण्याइतकेच घातक असते. खरेदीच्या खात्याचे महत्त्व अशाच दिवसांत कळते.

१९२० हे वर्ष महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी किर्लोस्कर बंधूंचा धंदा मर्यादित जबाबदारीची कंपनी झाला. आता भागधारक आले, संचालक मंडळ आले आणि वर्षाच्या हिशेबाचे उत्तर घराबाहेरच्या लोकांनाही देणे आले. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर हे पत्र सुरू केले. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी निघालेले हे पत्र पुढे किर्लोस्कर या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक झाले. त्याच्या जोडीला १९३० मध्ये स्त्री आणि १९३४ मध्ये मनोहर ही मासिके निघाली. जाहिरातीच्या एका खात्याला एवढी मोठी फांदी फुटावी, ही घटना विरळाच!

या व्यवस्थेत उणीव नव्हती असे नाही. महत्त्वाच्या पुष्कळ जागा भाऊ, पुतणे आणि मुले यांच्याकडे होत्या, आणि ज्या गावात घर, दुकान व नोकरी एकाच मालकाची, तेथे सामान्य कामगाराला विरोधाचा शब्द काढणे सोपे नसते. चरित्र वाचताना ही बाजूही मनात असावी. तथापि ज्याच्या हातून काम होते त्याला ते सोपवावे, ही वृत्ती या घराण्याच्या उंबरठ्याशी अडली नाही, हे वर दिलेल्या नावांवरून स्पष्ट आहे.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेची पदवी घेऊन आले. पुढे एका वाडीत सर्व काही बनविण्याऐवजी निरनिराळ्या वस्तूंसाठी निरनिराळ्या कंपन्या निघाल्या. १९४१ मध्ये हरिहर येथे लेथसारख्या यंत्रांसाठी, आणि १९४६ मध्ये बंगलोर येथे विद्युत्-यंत्रांसाठी व पुणे येथे तेलावर चालणाऱ्या इंजिनांसाठी कारखाने उभे राहिले. जी कालपर्यंत खाती झाली असती त्या आता स्वतंत्र संस्था झाल्या. वृद्ध लक्ष्मणरावांनी हे पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे.

लक्ष्मणराव स्वतः नमुना काढू शकत, यंत्र जोडू शकत, भट्टीपाशी उभे राहू शकत. ज्याला स्वतःला सर्व येते त्याला दुसऱ्याच्या हाती काम देणे सर्वांत अवघड जाते. कारण दुसऱ्याची चूक त्याला लगेच दिसते. ती चूक सोसून, समजावून, पुन्हा त्याच माणसाच्या हाती काम देण्याचा संयम लक्ष्मणरावांपाशी होता. आपल्या शाळेत नाटक बसविताना, क्रीडामहोत्सव भरविताना किंवा हेच वार्षिक काढताना सर्व कामे एकाच हुशार मुलाने ओढून घेतल्याचे आपण पाहतो, आणि तो मुलगा आजारी पडला की सारे थांबते. पुढील वर्षी कामांची यादी करताना प्रत्येक कामापुढे निराळे नाव लिहावे, आणि ते नाव लिहिल्यावर त्या विद्यार्थ्याला ते काम करू द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.