डॉ. आनंदीबाई जोशी

ठाणें जिल्ह्यांतील कल्याण स्टेशनावरून प्रतिदिनीं सहस्रावधि माणसें ये-जा करितात. परंतु त्याच गांवच्या जोशी घराण्यांतील एका मुलीनें केवळ अभ्यासाच्या बळावर केवढा पल्ला गांठला, हें फार थोड्यांच्या ध्यानांत असतें. तें चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

आनंदीबाईंचा जन्म ता. ३१ मार्च १८६५ चा. माहेरचें नांव यमुना. नवव्या वर्षीं पोस्टखात्यांतील नोकर गोपाळराव जोशी यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पत्नीनें शिकलेंच पाहिजे, असा गोपाळरावांचा करडा आग्रह होता. चौदाव्या वर्षीं झालेला मुलगा योग्य औषधोपचाराअभावीं दहा दिवसांतच दगावला. त्या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला, आणि पतीच्या आग्रहानें चाललेला अभ्यास तेव्हांपासून त्यांचा स्वतःचा झाला.

गोपाळरावांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडील मासिकांत छापून आलें. तें वाचून न्यू जर्सी प्रांतांतील रोझेल गांवच्या कार्पेंटरबाईंनीं साहाय्य देऊं केलें. १८८३ सालीं पतीस मागें ठेवून आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या व फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजांत दाखल झाल्या. कडक थंडी, परका आहार व खालावत चाललेली प्रकृति यांस न जुमानतां त्यांनीं अभ्यास चालूच ठेविला. आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ता. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं एम्. डी. पदवी मिळविली. त्या वेळीं वयाचीं एकवीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

लौकरच कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड इस्पितळांतील स्त्रीविभागाची मुख्य डॉक्टर म्हणून त्यांची नेमणूक केली. मुलीनें शाळेंत जाणेंहि जेव्हां निंद्य मानीत, तेव्हां विद्येनें त्यांना ही जागा मिळवून दिली. परंतु क्षयानें जर्जर होऊन परतलेल्या आनंदीबाईंना ती भूषवितां आली नाहीं. ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला.

मग एवढे परिश्रम वायां गेले काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. भारतीय स्त्रीस ही विद्या साध्य आहे, हें त्यांनीं दाखवून दिलें, पुढें डॉ. रखमाबाईंसारख्या स्त्रिया त्याच वाटेनें गेल्या. विद्यार्थ्यांनीं आनंदीबाईंचा उद्योग घ्यावा. पालकांनीं मात्र हेंहि ध्यानांत ठेवावें कीं, उद्योगी मुलाकडे संधि आपण होऊन चालत येते. ती घेण्यास तें निरोगी असावें, ही काळजी वडील माणसांनींच वाहिली पाहिजे.