शाळेतल्या प्रार्थनेला चाल देणारा कुडाळचा माणूस : वसंत देसाईंची गोष्ट

‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना तुम्ही शाळेत कधी ना कधी म्हटलीच असेल. सकाळची वेळ, हात जोडलेले, रांगेत उभी पोरं आणि पुढे एखादे गुरुजी पेटीवर. गाणं लिहिलं भरत व्यास यांनी, गायलं लता मंगेशकरांनी, हे अनेकांना ठाऊक असतं. चाल कुणाची, असं विचारलं की मात्र बरेच जण अडतात.

ती चाल वसंत देसाईंची. गावाच्या हिशोबाने बोलायचं तर आपल्या सिंधुदुर्गातल्या माणसाची.

देसाईंचा जन्म ९ जून १९१२ चा, कुडाळजवळच्या सोनवडे गावातला. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये. तेव्हा हा सगळा मुलूख सावंतवाडी संस्थानात होता. कोकणातल्या या पट्ट्यात गाणं शिकायला क्लास लावावा लागत नाही. देवळातलं भजन आणि जत्रेतला दशावतार कानावर पडतच असतो. असा कान घेऊन हा मुलगा कोल्हापूरला पोचला.

मूकपटात काम, बोलपटात गाणं

१९२९ साली व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. देसाई तेव्हा सतरा वर्षांचे होते. ते कंपनीत आले आणि पडेल ते काम करू लागले. प्रभातच्या १९३० सालच्या ‘खुनी खंजर’ या मूकपटात त्यांनी भूमिकाही केली.

मूकपटाला आवाज नसला तरी थिएटरात शांतता नसायची. पडद्यासमोर बसून वादक पेटी-तबला वाजवायचे. मग मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि पुढच्याच वर्षी प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला. देसाई त्यात गायले.

तेव्हाचं गाणं म्हणजे मोठा व्याप होता. पार्श्वगायन हा प्रकार आपल्या सिनेमात १९३५ च्या सुमारास आला. त्याआधी नटाने कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गायचं आणि वादकांनी चौकटीबाहेर बसून साथ करायची, अशी पद्धत होती. म्हणजे देसाईंनी मूकपटही आतून पाहिला, प्रत्यक्ष गाऊन चित्रित होणारं गाणंही पाहिलं आणि पुढे पार्श्वगायनही. सिनेमाची वाढ आणि त्यांचं शिक्षण दोन्ही एकाच वेळी चालू होतं.

पेटी आणि पियानो

प्रभातमध्ये त्यांना तीन मोठी माणसं भेटली. पहिले गोविंदराव टेंबे. संगीत नाटकांच्या जमान्यातले नावाजलेले पेटीवादक आणि ‘अयोध्येचा राजा’चे संगीतकार. दुसरे मास्टर कृष्णराव, पक्के गवई. तिसरे केशवराव भोळे. त्यांनी प्रभातच्या चित्रपटांत पियानो, व्हायोलिन आणि हवाईयन गिटार अशी पाश्चात्त्य वाद्यं आणली. या तिघांच्या हाताखाली देसाई तयार झाले.

पेटी आणि पियानो दिसायला भावंडं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या सारख्याच. पण दोन्हींच्या वापरात मोठा फरक आहे. आपल्याकडे पेटी गायकाच्या मागोमाग जाते. ती एका वेळी एकच चाल धरते. पाश्चात्त्य पद्धतीत पियानोवर एकाच वेळी अनेक सूर दाबून त्यांचा मेळ साधतात. प्रसंगाची भीती, उत्कंठा, आनंद अशा मेळातून उभं करता येतं, म्हणून पार्श्वसंगीताला तो फार उपयोगी पडतो. देसाईंनी हे तंत्र जवळून पाहिलं, पण चाल बांधताना ते रागाकडेच वळले.

याचं सोपं उदाहरण ‘अमर भूपाळी’. शाहीर होनाजी बाळा यांच्यावरचा हा १९५१ चा चित्रपट. त्यातली भूपाळी भूप रागाच्या वळणाची आहे. भूपात सूर फक्त पाच : सा, रे, ग, प, ध. पेटीवर तिसऱ्या काळीला सा धरलात तर पांढऱ्या पट्टीला हात न लावता, नुसत्या काळ्या पट्ट्यांवर भूप वाजतो. पेटी किंवा कीबोर्ड नुकताच हाती घेतला असेल तर करून बघा. या चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला १९५२ च्या कान महोत्सवात पुरस्कार मिळाला.

राजकमलचे दिवस

१९४२ मध्ये शांतारामांनी प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं. राजकमलचा पहिला चित्रपट ‘शकुंतला’, साल १९४३. संगीत वसंत देसाईंचं. मुंबईत तो १०४ आठवडे चालला. मग सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ (१९४६) आला. १९५५ मध्ये आला ‘झनक झनक पायल बाजे’.

या शेवटच्या चित्रपटात देसाईंनी शास्त्रीय संगीतातली माणसं थेट स्टुडिओत आणली. शीर्षकगीत उस्ताद अमीर खाँ गायले. पार्श्वसंगीतात तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर वाजलं. तोवर संतूर हे वाद्य हिंदी सिनेमाला नवखं होतं.

कैद्यांच्या तोंडी शोभेल अशी चाल

१९५७ मध्ये आला ‘दो आँखें बारह हाथ’. औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली ही कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. एक जेलर सहा खुन्यांना माळरानावर नेतो आणि त्यांना माणसात आणतो.

आता अडचण बघा. प्रार्थना या माणसांच्या जगातली आहे. ती फार सुरेल, तानांनी भरलेली केली तर खोटी वाटणार. अगदीच सपाट केली तर मनात उतरणार नाही. रागदारी कोळून प्यालेल्या संगीतकाराने इथे हात आखडता घेतला. संथ लय, श्वास घ्यायला जागा आणि गाणं न शिकलेल्यालाही झेपेल अशी वळणं. म्हणूनच ती पडद्यावरून थेट शाळेच्या पटांगणात आली आणि तिथेच राहिली.

चित्रपटाला १९५८ मध्ये बर्लिनचं रौप्य अस्वल मिळालं. पण शांतारामांच्या पुढच्या ‘नवरंग’चं (१९५९) संगीत गेलं सी. रामचंद्रांकडे.

राजकमलच्या बाहेर

इतकी वर्षं एका मोठ्या दिग्दर्शकाच्या सावलीत काम केलेल्या माणसाचं पुढे काय होतं? देसाईंच्या बाबतीत उत्तर त्याच वर्षी मिळालं. १९५९ मध्येच विजय भट्ट यांचा ‘गूँज उठी शहनाई’ आला आणि त्यात पडद्यामागून सनई वाजली ती बिस्मिल्ला खाँची. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’चं (१९५३) संगीतही राजकमलबाहेरचंच होतं. मराठी रंगभूमीसाठी त्यांनी ‘पंडितराज जगन्नाथ’ केलं. ‘देव दीनाघरी धावला’ या नाटकासाठी तर कुमार गंधर्व आणि वाणी जयराम यांना एकत्र गायला लावलं.

१९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघात एम. एस. सुब्बुलक्ष्मी गायल्या. कार्यक्रमातलं ‘मैत्रीं भजत’ हे संस्कृत गीत कांचीच्या शंकराचार्यांचं आणि चाल कुडाळच्या देसाईंची. विषय जगाच्या शांततेचा, तरी ठेवण पुन्हा प्रार्थनेचीच.

हृषीकेश मुखर्जींच्या ‘आशीर्वाद’मध्ये (१९६८) अशोक कुमारांच्या तोंडचं रेलगाडीचं गाणं त्यांचंच. त्यात अर्धं बोलणं, अर्धं गाणं आणि खाली आगगाडीचा ताल. १९७१ च्या ‘गुड्डी’त त्यांनी वाणी जयराम यांचा आवाज हिंदी सिनेमात आणला. त्याच चित्रपटात गुलजारांच्या शब्दांना चाल देऊन शाळांना आणखी एक प्रार्थना दिली, ‘हमको मन की शक्ती देना’.

२२ डिसेंबर १९७५

त्या दिवशी मुंबईत इमारतीच्या लिफ्टच्या अपघातात वसंत देसाईंचा मृत्यू झाला. वय होतं ६३. काम थांबलेलं नव्हतं. ‘शक’ हा त्यांच्या संगीताचा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, १९७६ मध्ये पडद्यावर आला.

त्यांच्या पिढीतल्या इतर संगीतकारांची नावं गाण्याआधी निवेदक घेतात. देसाईंची दोन गाणी मात्र निवेदकाशिवाय म्हटली जातात, रोज सकाळी, शाळेची घंटा झाल्यावर. तिथे संगीतकाराचं नाव सांगायची पद्धत नाही. पुढच्या वेळी कुडाळ किंवा सावंतवाडीतल्या एखाद्या शाळेवरून जाताना ती प्रार्थना कानावर आली, तर सोबत असेल त्याला एवढं नक्की सांगा : ही चाल इथल्याच माणसाची आहे, सोनवड्याच्या वसंत देसाईंची.